दरवर्षी हजारो पिल्लं समुद्रात सोडतात, मग कासवं अजून धोक्यात का?

प्रश्न असा होता की किनाऱ्यांवर दरवर्षी हजारो पिल्लं समुद्रात सोडली जातात, फोटो येतात, तरी समुद्री कासवं धोक्यात आहेत असंच का म्हणतात, आणि नदी-तळ्यातल्या कासवांना हाच उपाय चालेल का. मी बरीच वर्षं दोन्हीकडे काम करतोय, म्हणून जरा लांबच लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो मग कारणं सांगतो. अंडी आणि पिल्लं सांभाळणं गरजेचं आहेच, ते थांबवा असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण कासवाची एखादी जात टिकते ती मुख्यतः मोठ्या माद्या आणि वयात यायच्या बेताला आलेली कासवं जिवंत राहिली तरच. समुद्रातलं कासव असो की नदीतलं, ही एक गोष्ट दोघांनाही तितकीच लागू आहे. आणि आपण सगळा जोर लावतो तो अंड्यांवर, कारण अंडी मोजता येतात, घरटी मोजता येतात, पिल्लं किती सोडली तो आकडा लगेच सांगता येतो. जाळ्यात गुदमरून मेलेली मादी समुद्रातच बुडते, तिचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता प्रजातींचं बघू. जगात कासवांच्या साधारण साडेतीनशेच्या आसपास प्रजाती आहेत आणि त्यातल्या समुद्रात राहणाऱ्या फक्त सात, ऑलिव्ह रिडले, केम्प्स रिडले, ग्रीन, हॉक्सबिल, लॉगरहेड, लेदरबॅक आणि फ्लॅटबॅक. बाकीची सगळी नद्या, तळी, दलदली आणि जमिनीवरची. निम्म्याहून जास्त प्रजाती धोक्यात आहेत, आणि त्यात गोड्या पाण्यातल्यांची अवस्था समुद्रातल्यांपेक्षा जास्त वाईट आहे, पण लक्ष सगळं त्या सात जणांकडे.

त्या सातांचंही एकसारखं काही नाही बरं का. ग्रीन कासव मोठं झालं की समुद्री गवत आणि शेवाळ खातं, हॉक्सबिल आपल्या चोचीसारख्या तोंडाने प्रवाळातल्या फटींमधले स्पंज उकरून खातं, लॉगरहेडचा जबडा इतका जोरकस की शंख-खेकडे फोडून खातं, आणि लेदरबॅक म्हणजे सगळ्यात मोठं, त्याच्या पाठीवर खवलेच नसतात, जाड कातडं आणि त्यावर लांब उभे कंगोरे, ते एक हजार मीटरपेक्षाही खोल बुडी मारतं आणि जगतं मात्र जेलीफिशवर, त्यामुळे पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या पोटात जाते. फ्लॅटबॅक अंडी घालतं ते फक्त ऑस्ट्रेलियात. रिडले दोघं आकाराने लहान, पण त्यांची खासियत म्हणजे अरिबाडा, हजारो माद्या काही दिवसांतच एकाच किनाऱ्यावर चढून अंडी घालतात. ओडिशातलं गहिरमाथा आणि ऋषिकुल्या, मेक्सिकोतलं एस्कोबिला, कोस्टारिकातलं ओस्तिओनाल ही ऑलिव्ह रिडलेची मोठी ठिकाणं. जो जे खातो, जिथे राहतो, तिथून त्याचा धोका येतो, त्यामुळे 'समुद्री कासवं वाचवा' असा एकच कार्यक्रम सगळ्यांना पुरत नाही.

मोठ्या मादीवर मी एवढा जोर का देतोय ते आता. कासवाचं सगळं आयुष्य एका हिशोबावर चालतं, पिल्लं भरपूर मरणार हे धरूनच चाललेलं असतं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, त्यातून निघालेल्या पिल्लांना आधी खेकडे, पक्षी, कुत्री, मग मासे, आणि वयापर्यंत पोचणारं हजारात एखादं असं ढोबळ मानाने धरतात. वयात यायलाच रिडलेला दहा-पंधरा वर्षं लागतात, लॉगरहेड आणि ग्रीनला पंचवीस-तीस आणि कधी त्याहून जास्त. म्हणजे आज जी मादी किनाऱ्यावर चढतीय ती इतक्या सगळ्यातून वाचून आलीय, आणि तिच्यापुढे अजून कितीतरी वर्षं अंडी घालायची आहेत. ती एक मेली तर तिच्या जागी दुसरी उभी राहायला हजार पिल्लं आणि वीस-पंचवीस वर्षं लागतात. मेलेल्या मादीची भरपाई अंड्यांनी करता येते, पण त्यासाठी जितकी अंडी लागतील तितकी तुमच्याकडे नसतात.

हे नुसतं माझं मत नाहीये. १९८७ मध्ये अमेरिकेत लॉगरहेडवर एक गणिती अभ्यास झाला, त्यात त्यांनी प्रत्येक वयाच्या टप्प्यावर किती कासवं वाचतात ते मांडून बघितलं, आणि निघालं असं की सगळीच्या सगळी अंडी वाचवली तरी ती घटती संख्या सावरत नाही, पण मोठी होत आलेली कासवं मरायची थोडी कमी झाली तर सावरते. तोपर्यंत सगळं काम किनाऱ्यावरच चालायचं. त्यानंतर लोकांचं लक्ष ट्रॉलरच्या, म्हणजे समुद्रात जाळं ओढत नेणाऱ्या बोटींच्या, जाळ्याकडे गेलं.

केम्प्स रिडलेची गोष्ट तर याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे. मेक्सिकोतल्या रांचो नुएवो किनाऱ्यावर १९४७ मध्ये एकाने विमानाने येऊन फिल्म काढली होती, त्यावरून एका दिवसात अंदाजे ४०,००० माद्या चढल्या असा अंदाज केला गेला. १९६६ पासून त्या किनाऱ्यावर पहारा, अंडी सांभाळणं सगळं सुरू झालं, तरीही १९८५ च्या अख्ख्या हंगामात मिळून ७०२ घरटी. एवढी वर्षं अंडी सांभाळूनही खालीच. मग कोळंबीच्या ट्रॉलरना कासव सुटायची चौकट बसवणं सक्तीचं झालं आणि त्यानंतर घरटी पुन्हा वाढायला लागली. आता कुणी म्हणेल की मग तो पहारा फुकट गेला का, तर नाही, तो नसता तर चौकट येईपर्यंत वाचवायला कासवंच उरली नसती. दोन्ही लागतं, पण नुसत्या पहाऱ्याने घसरण थांबली नाही हेही तितकंच खरं. ग्रीन कासवाचंही तसंच, हवाई बेटांवर १९७८ मध्ये मारायला पूर्ण बंदी आली आणि तिथली संख्या वर्षागणिक चढत गेली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर आययूसीएनने, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींची यादी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, जागतिक पातळीवर ग्रीन कासवाला 'संकटग्रस्त' यादीतून काढून 'कमी चिंतेचं' असं धरलं. काही ठिकाणी ते अजूनही घटतंय, हे विसरायचं नाही, पण मोठी कासवं मारायचं थांबलं की काय होतं ते यात दिसतं.

ती चौकट म्हणजे टेड, जाळ्याच्या मानेत तिरकी बसवलेली गजांची चौकट. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडतं आणि वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. साधी गोष्ट आहे, नीट बसवली तर जवळजवळ सगळी कासवं सुटतात. कोचीच्या सीआयएफटी या मासेमारी तंत्रावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने आपल्या बोटींच्या मापाची चौकटही बनवलीय. पण मच्छीमार म्हणतात झडपेतून माल जातो, आणि त्यात थोडं तथ्य आहेच, विशेषतः झडप नीट बसली नाही की. त्यामुळे नुसता कायदा करून चालत नाही, बोटीवर जाऊन बसवून दाखवावी लागते, पहिल्या काही फेऱ्या सोबत करावी लागते. ओडिशात १ नोव्हेंबर ते ३१ मे धामरा, देवी आणि ऋषिकुल्या नदीमुखांजवळ २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते, बंदी म्हटली की मच्छीमारांच्या घरात सहा-सात महिन्यांचा प्रश्न येतो, त्याची सोय न करता कासवांची बाजू मांडणं मला तरी बरोबर वाटत नाही.

आणखी एक, टेड ट्रॉलरला लागू पडतं, गिल नेटला, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या लावलेल्या जाळ्याला, नाही आणि लांब दोरीच्या गळालाही नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, शांत झोपलेलं असेल तर तासन्‌तास पाण्याखाली राहू शकतं पण जाळ्यात अडकून धडपडायला लागलं की तासाभराच्या आत गुदमरतं, म्हणून जाळं किती वेळ पाण्यात ओढतात याला फार महत्त्व आहे. लांब दोरीसाठी गोल वळणाचे गळ वापरले तर गळ घशात खोल जायचं प्रमाण कमी होतं. आणि समुद्रात टाकून दिलेली जुनी जाळी, ती तर वर्षानुवर्षं वाहत अडकवत राहतात.

आता हॅचरीचं, म्हणजे गोळा केलेली अंडी राखणीत उबवतात त्या जागेचं, कारण तुम्ही पिल्लांबद्दलच विचारलंय. अंडी जिथे घातली तिथेच राहू देणं सगळ्यात चांगलं, हलवायची ती फक्त भरतीचं पाणी येणार असेल, कुत्री उकरणार असतील किंवा चोरी होणार असेल तेव्हा. आणि हलवायची तर घातल्यापासून काही तासांत, सहा तासांच्या आत हलवलेली बरी, कारण नंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं की तो मरतो. फिरवायचं नाही, वर असलेली बाजू वरच राहिली पाहिजे, खड्डा मादीने केलेल्या मापाचा आणि आकाराचा, तळाशी फुगीर वर निमुळता. हॅचरीत घरटी दाटीने भरतात तेही चुकीचं, एक मीटर तरी अंतर हवं, नाहीतर एका घरट्याची उष्णता नि बुरशी दुसऱ्याला लागते.

पिल्लं बाहेर आली की तेव्हाच सोडायची, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे, वाळूवरून त्यांना स्वतः चालत जाऊ द्यायचं, हातात उचलून पाण्यात टाकायचं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांच्या अंगात जी पोहायची ऊर्मी असते ती अंड्यातल्या बलकावर चालते, बादलीत पाहुण्यांची वाट बघत ठेवली की तेच बळ संपून जातं आणि मग दमलेलं पिल्लू काठाजवळच्या माशांच्या तोंडी जातं. रोज एकाच जागेवरून सोडलं की मासेही तिथे जमतात, म्हणून जागा बदलत राहायची. म्हणूनच मला तो संध्याकाळी पाच वाजता गर्दी जमवून सोडायचा कार्यक्रम पटत नाही, गर्दी पाहिजे तर मोजून थोडी पिल्लं दाखवा, बाकीची त्यांच्या वेळेला जाऊ द्या. आणि दिवे, किनाऱ्यावरचे पांढरे दिवे बघून पिल्लं समुद्राकडे न जाता उलटी रस्त्याकडे जातात, तिथे फार मोठा खर्च नसतो, दिवा खाली झाकायचा, लालसर-पिवळा लावायचा आणि हंगामात बंद ठेवायचा एवढंच.

तापमानाचाही विचार करायला लागतो. समुद्री कासवांमध्ये पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून गरम असेल तर माद्या जास्त. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या ग्रीन कासवांवर एक अभ्यास आला, तिथल्या लहान कासवांमध्ये ९९ टक्के माद्या निघाल्या. म्हणजे हॅचरीत सावलीला जाळी लावायची की नाही हा निर्णय दिसायला लहान पण फार मोठा आहे, न मोजता सावली केली तर उलट्या बाजूलाही जाऊ शकतं, म्हणून घरट्यात तापमापक ठेवा. नदीतल्या बऱ्याच कासवांचंही असंच आहे, पण मऊ पाठीच्या कासवांचं तसं नाही, त्यांचा नर-मादीचा हिशोब जन्मजातच ठरलेला असतो.

आता गोड्या पाण्याकडे येतो, जिथे खरं तर सगळ्यात जास्त काम बाकी आहे. कॅनडातल्या अल्गोंक्विन पार्कमध्ये स्नॅपिंग टर्टल या गोड्या पाण्यातल्या कासवाच्या एका समूहाचा अनेक वर्षं अभ्यास चालू होता, १९८० च्या दशकाच्या शेवटी हिवाळ्यात पाणमांजरांनी त्यातली कितीतरी मोठी कासवं मारली, साधारण निम्मी संख्या गेली. दोन दशकांनंतरही ती भरून आली नाही. कुणी माणसाने मारली नव्हती, नैसर्गिक होतं, पुढे पाणमांजरं थांबलीही, तरी नाही भरली. म्हणून ज्या नदीतून दरवर्षी जाळी आणि गळ लावून मोठी कासवं काढली जातात तिथे काय होत असेल याचा अंदाज करा. अभयारण्य असलं, अंडी सांभाळली, तरी मोठी कासवं जात असतील तर ते सगळं पुरत नाही.

नदीतल्या कासवांना समुद्रातल्यांपेक्षा वेगळे धोके आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे त्यांना पळायला जागा नाही. वाळूचे पट्टे उपसले गेले की अंडी घालायला जागा नाही, वरच्या धरणातून पाणी सोडलं की एका रात्रीत अख्खा हंगाम वाहून जातो. चंबळमध्ये बटागूर कचुगा नावाचं कासव आहे, मीलनाच्या काळात नराच्या डोक्यावर लाल पट्टा येतो, मादी नरापेक्षा पुष्कळ मोठी, एकेकाळी गंगेच्या मोठ्या भागात असायचं, आता मुख्यतः चंबळमध्येच उरलंय, आणि तेही १९७९ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्यामुळे. त्या पट्ट्यावर कोल्हे अंडी खातात म्हणून घरटी जाळीने झाकतात, ते बरोबरच, पण ते कासव टिकायचं तर नदीत पाणी आणि वाळू दोन्ही राहायला हवं.

यांगत्से सॉफ्टशेल हे मऊ पाठीचं कासव तर सगळ्यात दुःखाचं उदाहरण, एवढं मोठं कासव आणि २०१९ मध्ये चीनच्या सुझोउच्या प्राणिसंग्रहालयातली मादी गेली, २०२३ मध्ये व्हिएतनामच्या एका तलावातली मादी मेलेली सापडली, आणि आज माहीत असलेली एकही मादी उरलेली नाही. लहान आकाराच्या कासवांना वेगळीच आफत, पाळायला, खायला आणि औषधाला म्हणून आशियाभर पकडली जातात, १९९० च्या दशकात हा व्यापार इतका वाढला की तज्ज्ञांनी त्याला आशियाई कासव संकट असंच नाव दिलं. पण चांगली उदाहरणंही आहेत. म्यानमारचं बटागूर त्रिविट्टाटा नावाचं नदीतलं कासव नामशेष झालं असं धरलं होतं, ते या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा सापडलं, उरलेल्या मोजक्या माद्यांची अंडी चिंदविन नदीच्या वाळूतून उचलून पिल्लं वाढवली गेली. आसामात मंदिरांच्या तळ्यांमध्ये लोकांनी काळं मऊ पाठीचं कासव वर्षानुवर्षं जपलं, ते जंगलातून संपलं असं आययूसीएनने २००२ मध्ये धरलं होतं आणि पुढे ब्रह्मपुत्रेत सापडलंही. दोन्हीकडे काम झालं ते काही मोठी कासवं जिवंत उरली होती म्हणूनच.

पिल्लं काही काळ पाळून मोठी करून सोडावीत का, असंही विचारतात. पिल्लांच्या मरणाचा काळ टळतो म्हणून काही नदीच्या प्रजातींना याचा फायदा होतो, पण त्या नदीत जाळी तशीच लागलेली असतील तर तुम्ही जाळ्यात टाकायला कासवं वाढवताय. आधी धोका काढायचा, मग सोडायचं. आणि आजार तपासल्याशिवाय बंदिस्त कासव नदीत कधीच सोडू नका, जंगलातल्या कासवांना रोग लागतो.

ओस्तिओनालला गावकऱ्यांना अरिबाडाच्या सुरुवातीच्या काही तासांत अंडी गोळा करायला कायद्याने मुभा आहे, कारण मागून येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरून टाकतात, ती अंडी नाहीतरी जायचीच. ऐकायला विचित्र वाटतं पण त्यामुळे गाव किनाऱ्यावर लक्ष ठेवतं. हे प्रत्येक ठिकाणी चालेल असं नाही, अरिबाडाशिवाय एकट्यादुकट्या घरट्यांवर तर अजिबात नाही, पण तिथल्या लोकांना काही मिळालं पाहिजे हे कुठल्याही योजनेत धरायलाच हवं.

आता काही कामाच्या गोष्टी, कारण दरवेळी हेच विचारतात. जाळ्यात अडकलेलं कासव मेल्यासारखं दिसलं तरी लगेच पाण्यात टाकू नका, कधीकधी ते बेशुद्ध असतं. पोट खाली, मागची बाजू थोडी उंच करून सावलीत ठेवा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं, ओलं कापड टाका, नाकावर मात्र नाही, आणि एक दिवस वाट बघा. जखमी समुद्री कासव किनाऱ्यावर आलं तर ढकलून परत समुद्रात पाठवू नका, वन विभागाला कळवा.

आणि नदी-तळ्यातलं कासव कुणी तरी 'कासव म्हणजे समुद्र' असं समजून समुद्रात सोडतं, जमिनीवरचं कासव पाण्यात टाकतात, दोन्ही मरतात. पाय बघा, वल्ह्यासारखे सपाट असतील तर समुद्रातलं, बोटांमध्ये पडदा असेल तर नदी-तळ्यातलं, खांबासारखे जाड असतील तर जमिनीवरचं. रस्ता ओलांडणारं कासव दिसलं तर ज्या दिशेने जात होतं त्याच बाजूला नेऊन ठेवा, उलट दिशेला ठेवलं की ते पुन्हा रस्त्यावर येतं. पाळीव रेड इअर्ड स्लायडर मोठं झालं म्हणून तळ्यात सोडायचं नाही, ते जगभर तळ्यांमध्ये पसरलंय आणि तिथल्या कासवांच्या खाण्याची, उन्हं खायच्या जागेची स्पर्धा करतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते शेवटपर्यंत सांभाळावं, मोठं कासव कित्येक वर्षं जगतं, घेतानाच हे माहीत असू द्या. आपल्याकडची स्थानिक कासवं घरात ठेवणं तर बेकायदा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बहुतेकांना संरक्षण आहे, स्टार टॉर्टॉइजलाही.

शेवटचं म्हणजे, किनाऱ्यावरच्या किंवा नदीकाठच्या संस्थेला मदत करायची असेल तर त्यांना किती पिल्लं सोडली एवढंच विचारू नका. या हंगामात मेलेली मोठी कासवं किती सापडली, कशाने मेली आणि त्या बोटींबरोबर बसणं-बोलणं झालंय का, ते विचारा. ज्यांच्याकडे याची वही लिहिलेली असेल त्यांना आधी मदत करा.